तुझ्या कामाचा कंपनीच्या ध्येयाशी काय संबंध? टीम लीड, मॅनेजर आणि एचआरवाले नेहमी विचारतात ते प्रश्न

मी आधी ऑपरेशन्समध्ये होतो, मग बरीच वर्षं ट्रेनिंगमध्ये, आणि दोन्हीकडे हा एकच विषय वेगवेगळ्या तोंडांनी ऐकला. वरचे म्हणतात लोकांना कंपनीची दिशाच कळत नाही, खालचे म्हणतात आम्हाला कुणी सांगतच नाही, आणि मधला टीम लीड दोघांच्या कात्रीत. हे प्रश्न त्यातूनच जमलेत. क्रम बिम काही लावलेला नाही, तुमचा प्रश्न शोधा आणि तिथूनच वाचा.

लोक काम करतायत, पगार घेतायत. त्यांना कंपनीचं ध्येय कळलंच पाहिजे असं कुठं आहे?

रोजचं काम रुळावरून चाललंय तोवर नाही कळलं तरी चालतं, खरंच. अडतं कधी, तर दोन कामं एकदम अंगावर येतात आणि विचारायला कुणी जागेवर नसतं तेव्हा. समजा कस्टमर सपोर्टला एक मुलगी बसलीये, तिला सांगितलंय कॉल ६ मिनिटांत संपव, आणि समोरचा ग्राहक त्याच तक्रारीसाठी चौथ्यांदा फोन करतोय. सहा मिनिटं झाली. आता? या वर्षी कंपनीला जुने ग्राहक टिकवायचेत हे तिला माहीत असेल तर ती फोन ठेवणार नाही. आणि या वर्षी सपोर्टचा खर्च कमी करायचाय हे माहीत असेल तर ती तक्रार पुढच्या टीमकडे पाठवून मोकळी होईल. दोन्ही बरोबर असू शकतं, ते कंपनीनं काय ठरवलंय त्यावर आहे. पण तिला यातलं काहीच माहीत नसेल तर ती घड्याळ बघणार, कारण घड्याळ तेवढं समोर आहे.

म्हणून 'कळलं' म्हणजे काय याची माझी व्याख्या फार साधी आहे. दोन कामांतलं एक निवडायची वेळ आली आणि माणसानं न विचारता बऱ्यापैकी बरोबर निवडलं, तर त्याला कळलंय. मिशन स्टेटमेंट पाठ आहे का, टाउनहॉलला, म्हणजे सगळ्या कंपनीच्या एकत्र मीटिंगला हजर होता का, याच्याशी मला घेणंदेणं नाही. पुढची बरीचशी उत्तरं याच मापानं दिलीत.

व्हिजन भिंतीवर लावलंय, लॅपटॉपच्या वॉलपेपरवर पण टाकलंय. अजून काय करायचं?

पोस्टरमधलं वाक्य इतकं मोठं असतं की त्यात कुणाचंही काहीही बसतं, हीच त्याची अडचण.

एका कंपनीत त्या वर्षीचा नारा होता 'ग्राहक प्रथम'. मी चार डिपार्टमेंटला जाऊन एकच विचारलं, हे ठरल्यापासून सोमवारी सकाळी तुम्ही वेगळं काय करता? सेल्सवाले म्हणाले डिस्काउंट जरा सढळ हातानं देतो. क्वालिटीवाले म्हणाले माल जास्त वेळा अडवतो. डिस्पॅचवाले म्हणाले माल लवकर बाहेर काढतो. म्हणजे एक जण ग्राहकासाठी माल अडवतोय, दुसरा ग्राहकासाठीच तोच माल ढकलतोय, रोज संध्याकाळी दोघांची जुंपतेय आणि दोघंही एकाच पोस्टरकडे बोट दाखवतायत. अकाउंट्सवाले म्हणाले, आम्हाला ग्राहक कुठं दिसतो?

तिथे लोकांचं काहीच चुकत नव्हतं. वाक्य अर्धं होतं. ध्येय सांगताना त्यासाठी काय मागे पडलं तरी चालेल हे पण सांगावं लागतं. 'ग्राहक प्रथम, म्हणजे या वर्षी चुकीचा माल जाण्यापेक्षा उशिरा गेलेला परवडला', एवढं कुणी म्हटलं असतं तरी क्वालिटी आणि डिस्पॅचचं भांडण तिथल्या तिथे मिटलं असतं. पण वरच्या लोकांना हे दुसरं अर्ध बोलायला नको असतं, कारण ते बोललं की उद्या कुणीतरी ते परत ऐकवतं.

रॉबर्ट कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन, म्हणजे बॅलन्स्ड स्कोअरकार्ड ही कंपनीची कामगिरी नुसत्या पैशापलीकडे मोजायची पद्धत काढणारे, त्यांनी २००५ मध्ये लिहिलं होतं की कंपनीतल्या सरासरी ९५ टक्के लोकांना कंपनीची स्ट्रॅटेजी एकतर माहीत नसते नाहीतर कळलेली नसते. आकडा वाचून धक्का बसतो खरा, पण वर सांगितलेल्या चार डिपार्टमेंटमध्ये एक चक्कर मारली की धक्का ओसरतो.

मग सुरुवात कुठून करू? माझ्या टीममध्ये सात जण आहेत आणि हातात कंपनीची पीपीटी आहे.

पीपीटी बाजूला ठेवा. वरून खाली येऊ नका, त्या माणसाच्या टेबलावरून वर चला. हत्यार एकच, 'आणि मग?' हा प्रश्न.

बिलं एन्ट्री करणारा एक मुलगा होता, त्याच्याबरोबर झालेलं बोलणं साधारण असं होतं. तुझी एन्ट्री झाली की पुढे कोण घेतं? पेमेंटवाले. तू दोन दिवस लेट केलंस तर? पेमेंट लेट. आणि मग? मग सप्लायर फोन करून ओरडतो. ओरडून पुढे काय करतो? इथे तो थांबला, इतकी वर्षं त्याला फक्त ओरडणं ऐकू येत होतं. मग म्हणाला, पुढच्या वेळी आधी दुसऱ्याची ऑर्डर काढत असेल, आपली मागे ठेवत असेल. आणि मग? मग आपल्याकडे मटेरियल नाही, लाइन थांबते. त्या वर्षी कंपनीचं एक नंबरचं ध्येय होतं ग्राहकाला दिलेली तारीख पाळणं. ते त्याला मी सांगितलं नाही, तोच म्हणाला, म्हणजे मी बिल दाबून ठेवलं तर तारीख चुकते की.

त्यानंतर त्यानं एक गोष्ट स्वतःहून बदलली. आधी बिलं आली त्या क्रमानं चढवायचा, आता ज्या सप्लायरचा माल लाइनला लगेच लागतो त्याचं बिल आधी. कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हणतो ते कळणं हे असं दिसतं.

दोन पथ्यं पाळा. एक, मधली कडी तुम्ही भरू नका. 'आणि मग?' ला उत्तर आलं नाही तर गप्प बसा, आणि तरीही नाही आलं तर दोघं उठून शेजारच्या डिपार्टमेंटला जा आणि विचारा, अर्धा तास लागतो. खूपदा मॅनेजरलाच ती कडी माहीत नसते, आणि ते टीमसमोर कबूल केलं तर काही बिघडत नाही. दोन, चार-पाच पायऱ्यांत ध्येयापाशी पोचलात तर ठीक. दहा पायऱ्या लागत असतील तर तुम्ही ओढूनताणून जोडताय आणि समोरच्याला ते कळतंय.

कंपनीचं टार्गेट खालपर्यंत फोडायचं कसं? आमच्याकडे ओकेआर आहे, आधी केआरए होतं, त्याआधी अजून काहीतरी होतं.

ओकेआर म्हणजे उद्दिष्ट आणि ते गाठलं हे दाखवणारे मोजके निकाल, केआरए म्हणजे तुमच्याकडून अपेक्षित कामाची मुख्य क्षेत्रं; नावं बदलत राहतात. उद्दिष्टं ठरवून त्यावरून काम चालवायची कल्पना मॅनेजमेंटवर लिहिणारे पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये मांडली, इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीत अँडी ग्रोव्हनी तिला आपलं वळण दिलं, तिथून गुंतवणूकदार जॉन डोअरनी ती १९९९ मध्ये गूगलला नेली, आणि मग आपण सगळे तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात फॉर्म भरायला लागलो.

फोडताना सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे भागाकार. कंपनीला १० टक्के वाढ हवी, मग प्रत्येक डिपार्टमेंटला १० टक्के. सेल्सला ठीक आहे. पण आयटीवाला १० टक्के काय वाढवणार, सर्व्हर? एचआर १० टक्के जास्त माणसं घेणार? ती बिचारी मग काहीतरी आकडा शोधून काढतात, फॉर्म भरला जातो, आणि वर्षभर त्या आकड्यामागे धावणं होतं, ज्याचा कंपनीच्या वाढीशी काडीचा संबंध नसतो.

त्यापेक्षा प्रत्येक टीमला दोन गोष्टी विचारा. या ध्येयाला तुमची सगळ्यात मोठी मदत कुठली होऊ शकते, आणि तुमच्यामुळे सगळ्यात मोठा अडथळा कुठला होतो? दुसऱ्या प्रश्नाला जास्त खरं उत्तर येतं. आयटीवाले लगेच सांगतात की नवीन सेल्समनला लॉगिन मिळायला नऊ दिवस लागतात. घ्या, हे झालं आयटीचं टार्गेट, आणि आता ते वाढीशी सरळ जोडलेलं आहे.

जपानी कंपन्यांमध्ये होशिन कान्री म्हणून ध्येय वरून खालपर्यंत पोचवायची पद्धत आहे, त्यात एक शब्द मला फार आवडतो, कॅचबॉल. वरच्यानं ध्येयाचा चेंडू खाली टाकायचा, खालच्यानं तो झेलून परत टाकायचा, की एवढी माणसं आणि एवढा वेळ असेल तर इतकं होईल, तेवढं नाही होणार, आणि मग परत. जमेपर्यंत. बहुतेक ऑफिसात चेंडू फक्त खाली येतो. झेलणाऱ्याला परत फेकायची मुभाच नसेल तर त्याला तो चेंडू आपला वाटणार कसा, अंगावर आलाय एवढंच वाटणार.

ट्रेनिंगमध्ये तीन पाथरवटांची गोष्ट सांगू का?

सांगा, पण पूर्ण सांगा. तिघं दगड घडवतायत, काय करताय विचारल्यावर पहिला म्हणतो पोट भरतोय, दुसरा म्हणतो देशातलं सगळ्यात भारी दगडकाम करतोय, तिसरा म्हणतो चर्च बांधतोय. ट्रेनर लोक तिसऱ्यासाठी टाळ्या वाजवून घेतात, पहिल्याला जरा नावं ठेवतात आणि स्लाइड बदलतात.

ड्रकरनी ही गोष्ट वापरली ती वेगळ्याच कारणासाठी. त्यांच्या मते पहिल्याची काळजी नाही, तो पैशाच्या बदल्यात चोख काम देतो. घोटाळा दुसऱ्याचा आहे. त्याला आपल्या कौशल्याचा अभिमान आहे, तो हवाच, पण हळूहळू त्याला वाटायला लागतं की उत्तम दगड घडवणं हेच काम, भिंतीत तो बसतो का नाही ते दुसऱ्या कुणाचं. आता तुमच्या ऑफिसात बघा. कोणी न वापरणारं फीचर महिनाभर पॉलिश करणारा डेव्हलपर, ४० पानी सुंदर पॉलिसी लिहिणारा कम्प्लायन्सवाला, आठ रंगांचा डॅशबोर्ड बनवणारा ॲनालिस्ट. हुशार माणसं सगळी, आणि ध्येयाचं बोलणं सगळ्यात जास्त गरजेचं आहे ते यांच्याशी. आपण मात्र जाऊन ते शिपायाला समजावतो.

हाऊसकीपिंग, सिक्युरिटी, डेटा एन्ट्री, यांना काय सांगणार? त्यांचं काम तर सपोर्टचं.

वरच्या उत्तरात मी शिपायाचं म्हटलं म्हणून त्यांना सोडून द्या असं नाही हं.

एमी रेझनेव्हस्की आणि जेन डटन या दोन संशोधक बायकांनी हॉस्पिटलमध्ये साफसफाई करणाऱ्या लोकांचा अभ्यास केला होता, २००१ च्या त्यांच्या लेखात तो आलाय. काम सगळ्यांचं तेच. पण काही जण म्हणायचे आम्ही फक्त साफ करतो, आणि काही जण स्वतःला पेशंट बरं करणाऱ्यांतलंच एक समजायचे, पेशंटशी, भेटायला आलेल्या नातेवाइकांशी बोलायचे, नर्सचं काम सोपं होईल अशा वेळा साधायचे. कागदावर नेमून दिलेलं काम सारखंच, पण प्रत्यक्षात दोन वेगळी कामं चाललेली.

यातून मी घेतलेली गोष्ट अशी की या लोकांना प्रेरणादायी भाषण द्यायच्या आधी त्यांना जे दिसतं ते विचारा. सिक्युरिटीवाल्याला माहीत असतं की कुठला व्हिजिटर अर्धा तास गेटवर ताटकळतो आणि का. डेटा एन्ट्रीवाल्याला माहीत असतं की कुठल्या ब्रँचकडून फॉर्म कायम अर्धवट येतात. त्यांनी सांगितलं आणि खरंच काही बदललं तर त्यांना संबंध समजावायची गरज उरत नाही. आणि 'सपोर्ट' हा शब्द जरा जपून वापरा, तो ऐकला की माणूस स्वतःला यादीतून काढून टाकतो.

सीईओंनी महिन्याला एक मेल पाठवला तर फरक पडतो का?

थोडा. पण मेलपेक्षा पाच मिनिटं भेट कितीतरी जास्त काम करते, आणि भेट सीईओंची असायची गरज नाही. मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००७ चा एक प्रयोग आहे. युनिव्हर्सिटीसाठी फोन करून देणग्या गोळा करणारे लोक होते, कंटाळवाणं काम, दिवसभर नकार ऐकायचे. त्यातल्या काही जणांना त्या पैशातून स्कॉलरशिप मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी पाच मिनिटं भेटवलं. महिन्याभरानं बघितलं तर त्यांचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि गोळा केलेले पैसे १७१ टक्क्यांनी वाढले होते. ज्यांना विद्यार्थ्याचं नुसतं पत्र वाचायला दिलं होतं त्यांच्यात असा बदल झाला नाही.

म्हणून तुमच्याकडे ज्याला त्या कामाचा उपयोग होतो त्याला आणा. तो बाहेरचा ग्राहकच पाहिजे असं नाही. टेस्टिंगवाल्यांकडे फील्ड इंजिनिअरला बसवा, त्यांनी पकडलेल्या एका बगमुळे त्याची एक रात्र कशी वाचली ते तो सांगेल. मात्र त्याचा सोहळा करू नका, बॅनर, फोटो, व्हिडिओ शूटिंग आलं की तो माणूस एचआरनं लिहून दिलेलं बोलायला लागतो आणि समोरच्यांना ते दोन मिनिटांत कळतं. आणि तक्रार असलेला माणूस आणायला पण घाबरू नका. टीमला त्यातून जास्त समजतं.

आकडे दिले की लोक फक्त आकड्यामागे लागतात. मग आकडे द्यायचे की नाही?

द्यायचे, पण आकडा कशाच्या वतीनं उभा आहे ते प्रत्येक वेळी सोबत सांगायचं. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावानं एक नियम ओळखला जातो, मूळ मांडणी १९७५ ची, साध्या भाषेत असा की मोजायच्या आकड्यालाच टार्गेट केलं की तो मोजायच्या कामाचा राहत नाही.

सगळ्यात महागातलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली वेल्स फार्गो बँक. ग्राहकाशी नातं घट्ट करायचं हे ध्येय, आणि त्याचं माप म्हणून एकेका ग्राहकाला आठ प्रॉडक्ट विकायचा धोशा. ब्रँचमधल्या लोकांपर्यंत पोचला तो फक्त आकडा आणि त्याच्या मागचा दट्ट्या. त्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये बँकेला १८ कोटी ५० लाख डॉलरचा दंड झाला आणि सुमारे ५,३०० जणांना नोकरीवरून काढल्याचं बाहेर आलं. नातं घट्ट करायला निघाले होते.

आता यात खालच्या माणसाला ध्येय माहीत नव्हतं असं नाही म्हणता येणार, भाषणात ते होतंच. पण ध्येय आणि आकडा यांची टक्कर झाल्यावर कुणाचं ऐकायचं हे त्याला वरिष्ठाच्या वागण्यातून कळलं, आणि वरिष्ठ रोज आकडा विचारत होता. तुमच्या टीममध्ये एकदा तरी असं होऊ द्या की कुणीतरी ध्येयासाठी आकडा सोडला आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, बरोबर केलंस. त्या एका प्रसंगाची गोष्ट जितकी पसरते तितकी दहा मेलनी पसरत नाही. उलट झालं, म्हणजे तुम्ही त्याला झापलंत, तर ते अजून लवकर पसरतं.

आणि एखाद्याच्या कामाचा खरंच काही संबंध नसेल तर?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, आणि ज्यांना विचारायला पाहिजे ते तर विचारतच नाहीत.

असतं असं काम. मी स्वतः एका ठिकाणी दर शुक्रवारी एक रिपोर्ट करायचो, चार सिस्टिममधून डेटा काढून, पूर्ण दुपार जायची. एकदा आजारी पडलो, दोन आठवडे गेला नाही. कुणी विचारलं नाही. मग मुद्दाम अजून सहा आठवडे पाठवला नाही. तरी नाही. शेवटी साहेबांना सांगितलं तर म्हणाले, अरे तो ज्यांनी मागितला होता ते तीन वर्षांपूर्वी सोडून गेले. तीन वर्षांच्या शुक्रवारच्या दुपारी, हिशोब केला नाही, डोकं फिरलं असतं.

अशा कामाला ध्येयाशी जोडून दाखवायचा खटाटोप करू नका, ते खोटं असतं. ते काम बंद करा. 'आणि मग?' विचारत गेल्यावर साखळी मध्येच तुटत असेल तर तो त्या माणसाचा दोष नाही, उलट त्यानं तुम्हाला फुकटात एक गोष्ट शोधून दिली. काही कामं कायद्यानं करावी लागतात, ऑडिटसाठी, सेफ्टीसाठी, त्यांना तसंच सांगा, हे केलं नाही तर दंड होतो किंवा कुणाला इजा होऊ शकते, म्हणून करायचं. हा पण संबंधच आहे आणि लोकांना तो व्यवस्थित पटतो.

अडचण एवढीच की आपलं काम बिनकामाचं निघालं तर आपण पण बिनकामाचे ठरू ही भीती. म्हणून आधी सांगा की काम गेलं तरी तुझी जागा जात नाही, आणि ते खरं असेल तरच सांगा.

ध्येयं दर तीन महिन्यांनी बदलतात. टीम आता हसते.

हसणारच. काय बदललं यापेक्षा का बदललं ते सांगा, आणि जुन्यासाठी केलेल्या कामाचं काय होणार ते त्याच वेळी सांगा. लोकांना बदलाचा राग कमी असतो, मार्चपर्यंत जीव तोडून केलेलं काम एप्रिलमध्ये कुणी नावही न काढता फोल्डरमध्ये पडतं त्याचा जास्त असतो. 'ते आपण थांबवतोय, त्यातला हा भाग वापरणार आहोत, बाकीचा नाही', एवढं सरळ बोलणं पुरतं. आणि बदल खरंच दर तिमाहीला होत असेल तर टीमला ध्येयापेक्षा ग्राहकाशी जोडा, ग्राहक इतक्या लवकर बदलत नाही.

मला मॅनेजर म्हणूनच वरून काही कळत नाही. मी खाली काय सांगू?

अंदाज सांगू नका. वर जाऊन विचारा, पण 'आपलं ध्येय काय' असं विचारलंत तर परत तीच पीपीटी मिळेल. असं विचारा: माझ्या टीमकडे ही दोन कामं आहेत, या महिन्यात एकच पूर्ण होईल, कुठलं सोडू? आणि का? त्या 'का' च्या उत्तरात खरं ध्येय असतं. असं तीन-चारदा विचारलंत की कंपनी कशाला किंमत देते ते तुम्हाला पोस्टरपेक्षा नीट कळलेलं असेल. साहेब म्हणाले दोन्ही करा, तर तेही एक उत्तरच आहे, म्हणजे अजून वरही ठरलेलं नाही. मग टीमला तसंच सांगा, की हे ठरलेलं नाही, तोपर्यंत आपण अमुक धरून चालू.

नवीन जॉइन झालेल्याला पहिल्या दिवशी किती सांगायचं?

जवळजवळ काही नाही. पहिल्या दिवशी त्याला वॉशरूम कुठे आणि लॉगिन कधी मिळणार एवढंच ऐकू येतं. त्याचं काम जो पुढे घेतो त्या माणसाशी पहिल्या आठवड्यात ओळख करून द्या, आणि ध्येयाचं बोलणं महिन्याभरानं, जेव्हा त्याच्याकडे स्वतःचे प्रश्न असतील.

टीम घरून काम करते. वेगळं काही?

ऑफिसात असताना लोकांना शेजारच्या टेबलावरचं ऐकू यायचं, कुणाचं काय अडलंय ते न सांगता कळायचं, ते गेलं. त्याची भरपाई म्हणून महिन्यातून एकदा शेजारच्या टीममधला एक जण पंधरा मिनिटं कॉलवर बोलवा आणि तुमच्या कामाचं तो पुढे काय करतो ते स्क्रीन शेअर करून दाखवायला सांगा. स्लाइड नको, रोजची स्क्रीनच.

सर्व्हे घेतला, ८० टक्के लोक म्हणाले संबंध कळलाय. झालं ना?

नाही झालं. सर्व्हेत 'तुम्हाला कंपनीची ध्येयं समजली आहेत का' विचारलं की मान डोलावायला काही जात नाही, त्यात सर्व्हेवर नाव नसतं असं सांगूनही लोकांचा त्यावर विश्वास नसतो ते वेगळंच. मी उलट बाजूनं बघतो. मीटिंगमध्ये लोक 'हे कशासाठी करतोय' असं विचारतात का? कुणी कधी 'हे काम नको करूया, यातून काही निघत नाही' असं म्हणतं का? तुम्ही सुट्टीवर असताना किती फोन आले आणि ते कशासाठी? 'हे करू की ते करू' असले फोन कमी होत असतील तर चाललंय बरोबर. ज्या टीममध्ये कुणीच कधी नाही म्हणत नाही तिथे सगळ्यांना सगळं समजलंय असं मी तरी मानत नाही.

माणूस म्हणतो, सगळं समजलं सर, पण यात माझं काय?

रास्त बोलतोय. ध्येय समजावणं हा पगारवाढीचा पर्याय नाही, आणि तसं वापरलंत की लोकांना वास येतो. वर्ष वाईट गेलं म्हणून इन्क्रिमेंट नाही, आणि त्याच आठवड्यात 'आपल्या कामाचा अर्थ' यावर वर्कशॉप, हे मी बघितलंय, हॉलमध्ये मागच्या तीन रांगा मोबाइलमध्ये होत्या आणि मला त्यांचं काही चुकलं असं वाटलं नाही. आधी देण्याघेण्याचं सरळ बोला, काय होऊ शकतं, काय नाही, कधी कळेल. मग कामाचं बोला. अप्रेझलच्या मीटिंगमध्ये तर हे दोन्ही एकत्र करूच नका, तिथे समोरच्याचं लक्ष फक्त शेवटच्या आकड्याकडे असतं.

मी मॅनेजर नाही, साधा एम्प्लॉयी आहे. मला कुणी काही सांगत नाही. मी काय करू?

तुमचं काम जिथे जातं तिथे एकदा जाऊन बघा. परमिशन वगैरे लागत नाही, पुढच्या टीममधल्या कुणाला तरी विचारायचं, मी पाठवतो त्या फाइलचं तुम्ही काय करता, त्यातलं काय वापरता, काय तुम्हाला परत दुरुस्त करावं लागतं. बहुतेक लोक खूश होतात, त्यांना इतक्या वर्षांत असं कुणी विचारलेलं नसतं. एकानं असं विचारलं तेव्हा त्याला कळलं की तो ज्या तीन कॉलमवर सगळ्यात जास्त वेळ घालवायचा ते पुढची टीम उघडल्या उघडल्या डिलीट करते. ते कॉलम त्यानं दुसऱ्या दिवशीपासून बंद केले, आणि त्याच्या मॅनेजरला ते कळलं चार महिन्यांनी.